एम.ए. अर्थशास्त्र करून पुढे काय? प्रवेशाआधी गावातल्या पोरांनी आणि पालकांनी वाचावं असं काही

बी.ए.चा निकाल लागला की गावागावात एकच प्रश्न सुरू होतो. आता पुढे काय? कुणी पोलिस भरतीच्या मैदानावर जातं, कुणी पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. कुणी घरच्या द्राक्षबागेत नाहीतर गायीच्या गोठ्यात रमतं. ज्यांना यातलं काहीच ठरवता येत नाही, ते तालुक्याच्या कॉलेजात एम.ए.चा अर्ज भरून टाकतात. निदान दोन वर्षं प्रश्न पुढे ढकलला जातो.

या एम.ए.मध्ये अर्थशास्त्र हा विषय घेणारी मुलं-मुली बरीच असतात. पण हा विषय नेमका काय आहे, त्यात गणित किती लागतं, खर्च किती येतो आणि शेवटी हातात काय पडतं, हे प्रवेशाआधी नीट सांगणारं कुणी भेटत नाही. पोरगी शिकायची म्हणते, बाप म्हणतो एम.ए. करून कुणाचं भलं झालंय, आणि आई मधल्या मध्ये अडकते. दोघांचंही म्हणणं काही अंशी खरं असतं. म्हणून हा विषय जरा उलगडून बघायला हवा.

हा विषय शेतकऱ्याला परका नाही

अर्थशास्त्र म्हणजे शेअर बाजार, बजेट आणि टीव्हीवर इंग्रजीत बोलणारी माणसं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात एम.ए.च्या पहिल्याच सत्रात जे शिकवतात ते बाजार समितीच्या आवारात रोज घडत असतं.

कांद्याचंच घ्या. समजा एका गावाने मागच्या वर्षी १०० क्विंटल कांदा २,००० रुपये क्विंटलने विकला. पैसे आले २ लाख. यंदा पाऊसपाणी चांगलं झालं, सगळीकडेच पीक वाढलं आणि त्याच गावात ११० क्विंटल कांदा निघाला. पण बाजारात आवक जास्त झाल्याने भाव १,५०० वर आला. पैसे आले १ लाख ६५ हजार. माल १० टक्के जास्त पिकला आणि हातात ३५ हजार कमी आले.

यात व्यापाऱ्याची लबाडी असेलही, पण ती नसली तरी हे घडतं. कांदा स्वस्त झाला म्हणून कुणी रोजच्या भाजीत चार कांदे जास्त टाकत नाही, आणि महाग झाला म्हणून खायचा पूर्ण सोडत नाही. भाव बदलला तरी मागणी फारशी हलत नाही. अशा वेळी थोडा जादा माल खपवायलाही भाव खूप पाडावा लागतो. याला अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता कमी असणं म्हणतात. हे सूक्ष्म अर्थशास्त्र या पेपरात येतं. शेतकऱ्याला अनुभव पाठ असतो, विषय त्याचं मोजमाप शिकवतो.

दुसरा पेपर स्थूल अर्थशास्त्राचा. महागाई, बेरोजगारी, व्याजदर, रुपयाची किंमत, देशाचं उत्पन्न हे त्यात येतं. रिझर्व्ह बँकेने रेपो दर बदलला की ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जाच्या हप्त्यावर परिणाम का होतो, हे इथे कळतं.

पुढे सार्वजनिक आयव्यय, आंतरराष्ट्रीय व्यापार, विकासाचं अर्थशास्त्र, बँकिंग, कृषी अर्थशास्त्र, श्रमाचं अर्थशास्त्र असे पेपर येतात. काही सक्तीचे, काही निवडीचे. विद्यापीठानुसार नावं थोडी बदलतात.

आंतरराष्ट्रीय व्यापाराचा पेपर कांदा पट्ट्यातल्या पोराला वेगळा शिकवावा लागत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ती मे २०२४ मध्ये उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं. १ एप्रिल २०२५ पासून ते शुल्कही गेलं. या दीड वर्षात शहरातल्या ग्राहकाचा फायदा किती झाला, शेतकऱ्याचा तोटा किती झाला आणि परदेशातला कोणता ग्राहक कायमचा दुसऱ्या देशाकडे गेला, हे रागावून सांगणं सोपं आहे. आकड्याने दाखवणं अवघड. ते कसं करायचं, हे एम.ए.च्या वर्गात शिकवतात.

हमीभावातलं ए-२ आणि सी-२

हमीभावाच्या आंदोलनात दीडपट भाव हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला आहे. दीडपट कशाच्या, इथे खरा वाद आहे. केंद्राचा कृषी मूल्य आयोग उत्पादन खर्च वेगवेगळ्या पद्धतीने काढतो.

ए-२ म्हणजे शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च. बियाणं, खत, औषध, मजुरी, डिझेल, पाणी वगैरे. त्यात घरच्या माणसांच्या राबण्याची किंमत मिळवली की होतो ए-२ अधिक एफ.एल. आणि त्यातही स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि गुंतवलेल्या भांडवलाचं व्याज धरलं की होतो सी-२. सी-२ सगळ्यात मोठा आकडा.

२०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली, ती ए-२ अधिक एफ.एल.वर. शेतकरी संघटना मागतात ती सी-२ वर. म्हणजे दोन्ही बाजू दीडपट म्हणतात आणि दोघांचे आकडे वेगळे निघतात. भाषणात हा फरक हरवून जातो. कृषी अर्थशास्त्राचा पेपर नीट वाचलेली एखादी पोरगी गावात असेल तर ग्रामसभेत ती हे पाच मिनिटांत समजावून सांगू शकते.

स्वतःच्या जमिनीचं भाडं खर्चात का धरायचं, असाही प्रश्न येतो. जमीन आपलीच, कुणाला पैसे दिले नाहीत. पण तीच जमीन दुसऱ्याला खंडाने दिली असती तर पैसे आले असते. ते सोडून दिले, म्हणून तो खर्चच. याला संधी खर्च म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, पुढे प्रवेशाचा हिशेब करताना तो लागणार आहे.

खरी अडचण गणिताची

बहुतेक मुलांचा घात इथे होतो. दहावीनंतर आर्ट्स घेतलं, गणित सुटलं म्हणून हायसं वाटलं, आणि एम.ए.च्या पहिल्या सत्रात फळ्यावर समीकरणं आली. संख्याशास्त्र, अर्थशास्त्रासाठीचं गणित आणि पुढे अर्थमिती. विद्यापीठाच्या आवारातल्या विभागांमध्ये यावर जास्त भर असतो. तालुक्याच्या संलग्न कॉलेजात काही ठिकाणी तुलनेने कमी, आणि तिथे मराठीतून उत्तरं लिहिणारी मुलं जास्त असतात.

गणित लागतं किती? अकरावी-बारावीचं. फलन, आलेख, विकलन म्हणजे डेरिव्हेटिव्ह, सारणी म्हणजे मॅट्रिक्स, आणि संभाव्यता. एवढं पक्कं असेल तर वर्गात बसता येतं. आर्ट्सच्या मुलाने बी.ए.च्या शेवटच्या वर्षापासून रोज एक तास दिला तरी सहा महिन्यांत बऱ्यापैकी तयारी होते. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात. केंद्राच्या स्वयम पोर्टलवर अर्थशास्त्राचे आणि संख्याशास्त्राचे कोर्स बघता येतात.

दुसरी अडचण इंग्रजीची. चांगली पुस्तकं, सरकारी अहवाल आणि नेटचा पेपर यांसाठी इंग्रजी वाचता यायलाच लागतं. बोलता आलं नाही तरी चालेल, पण वाचून कळायला हवं. यावर एक साधा उपाय आहे. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी बजेटच्या तोंडावर निघते, मराठीत आणि इंग्रजीतही. दोन्ही शेजारी ठेवून शेतीचं प्रकरण वाचलं की शब्द आपोआप जुळतात.

आकडा खरा की खोटा, हे ओळखण्याची विद्या

अर्थमिती हा पेपर अवघड समजला जातो, पण त्यातला मूळ प्रश्न साधा आहे. समजा पाहणीत दिसलं की ठिबक बसवलेल्या शेतकऱ्यांचं उत्पन्न न बसवलेल्यांपेक्षा जास्त आहे. मग उत्पन्न ठिबकमुळे वाढलं का? तसं असेलही. पण ठिबक बसवणाऱ्याची विहीर आधीच चांगली होती, जमीन भारी होती, हातात पैसा होता, असंही असेल. मग श्रेय ठिबकला किती आणि विहिरीला किती? दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. ते वेगळं काढायची पद्धत म्हणजे अर्थमिती.

याचं एक गाजलेलं उदाहरण राजस्थानातल्या उदयपूर भागातलं आहे. तिथे लहान मुलांचं लसीकरण फार कमी होत होतं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. काही गावांत काहीच बदल केला नाही. काही गावांत नियमित लसीकरण शिबिरं भरवली. काही गावांत शिबिरासोबत दर लशीला आईला एक किलो डाळ दिली. पूर्ण लसीकरण पहिल्या गटात ६ टक्के, शिबिराच्या गावांत १८ टक्के आणि डाळीच्या गावांत ३९ टक्के झालं. गावं नशिबाने निवडलेली होती, म्हणून फरक शिबिराचा आणि डाळीचाच, असं ठामपणे म्हणता आलं. अशा पद्धतीच्या कामासाठी बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा, आई निर्मला बॅनर्जी या माहेरच्या मराठी आणि स्वतः अर्थतज्ज्ञ. महत्त्वाचं म्हणजे त्यांनी एम.ए. केलं ते दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, म्हणजे सरकारी विद्यापीठात.

महाराष्ट्राचा तर या विषयाशी जुना संबंध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची १९१५ ची कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. अर्थशास्त्राचीच. १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही, शेतीवरचा जादा माणसांचा भार उद्योगांकडे वळायला हवा, असं त्यांनी त्यात मांडलं. आज पाच भावांत वाटलेल्या दोन एकराकडे बघून तेच बोललं जातं. पुण्यात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. विठ्ठलराव विखे पाटलांसोबत प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत गाडगीळ होते. अर्थशास्त्र शिकलेला माणूस ऊस उत्पादकांच्या सभेत बसायचा, हे विसरू नये.

शिकायचं कुठे

नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यातली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं. इतर जिल्ह्यांसाठी कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, जळगाव, सोलापूर, अमरावती, नागपूर, गडचिरोली आणि मुंबई इथली विद्यापीठं आहेत. मार्ग साधारण चार.

पहिला, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या संलग्न कॉलेजात. प्रवेश सोपा, फी कमी, घरून जाता-येता येतं. तोटा असा की काही ठिकाणी शिकवणारे कायम नसतात, ग्रंथालय तुटपुंजं असतं आणि वर्गात उपस्थिती नावालाच असते.

दुसरा, विद्यापीठाच्या आवारातला विभाग. इथे बहुतेक ठिकाणी प्रवेश परीक्षा असते. ग्रंथालय, वसतिगृह, राज्यभरातली मुलं, व्याख्यानं हे सगळं मिळतं. ज्याला पुढे नेट, पीएच.डी. किंवा मोठ्या परीक्षा द्यायच्या आहेत त्याने इथे जाण्याचा प्रयत्न करावा.

तिसरा, केंद्रीय विद्यापीठं. जे.एन.यू., दिल्ली, हैदराबाद, बनारस वगैरे. त्यासाठी सीयूईटी-पीजी ही एकच देशपातळीवरची परीक्षा असते. तिचे अर्ज बी.ए.चा निकाल लागायच्या बरेच आधी, हिवाळ्यातच सुटतात. आपल्याकडची मुलं निकालानंतर चौकशी करतात, तोवर परीक्षाही होऊन गेलेली असते. दरवर्षी कितीतरी हुशार मुलांची संधी फक्त तारीख माहीत नसल्याने जाते.

चौथा, दूरस्थ शिक्षण. इग्नूमध्ये एम.ए. अर्थशास्त्र आहे. घरची शेती किंवा नोकरी सांभाळून शिकायचं असेल, लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी असेल, तर हा मार्ग आहे. मात्र इथे स्वतःहून अभ्यास करावा लागतो.

नवीन शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचं आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर एक वर्षाचं. दोन वर्षांच्या एम.ए.त एका वर्षानंतर बाहेर पडलं तर पदव्युत्तर पदविका मिळते. सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. लेखी विषयाचं एक क्रेडिट म्हणजे सुमारे १५ तासांचा वर्ग. यात संशोधन पद्धती, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग आणि संशोधन प्रकल्प हेही आहे. हा प्रकल्प दुसऱ्याचा कॉपी करून देऊ नये. आपल्या गावातल्या विकास सोसायटीची थकबाकी, दूध दराचा हिशेब, मजुरीतला बाई-माणसाचा फरक, असा विषय घेऊन खरी आकडेवारी गोळा केली तर मुलाखतीत बोलायला हक्काचं काही राहतं.

खर्चाचा खरा हिशेब

आता संधी खर्च. एम.ए.चा खर्च म्हणजे फक्त फी नव्हे. खालचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालून बघावेत.

समजा फी वर्षाला १० हजार, दोन वर्षांची २० हजार. पुस्तकं, प्रवास, परीक्षा अर्ज २० हजार. शहरात खोली आणि मेस महिन्याला ५ हजार. पण घरी राहिलं असतं तरी जेवण लागलंच असतं, त्याचे २ हजार वजा केले तर जादा खर्च ३ हजारच. २० महिन्यांचे ६० हजार. इथवर झाले १ लाख रुपये.

आता ही दोन वर्षं शिकण्याऐवजी एखाद्या दुकानात किंवा कंपनीत १२ हजारांचं काम मिळालं असतं, तर २४ महिन्यांत २ लाख ८८ हजार आले असते. ते आले नाहीत. म्हणजे खरा खर्च ३ लाख ८८ हजार.

एम.ए.मुळे पगार महिन्याला ५ हजारांनी वाढणार असेल तर हा खर्च निघायला साधारण साडेसहा वर्षं लागतील. १० हजारांनी वाढला तर सव्वातीन वर्षं. आणि एम.ए. करूनही तेच १२ हजारांचं काम करावं लागलं तर पैशाच्या हिशेबात तो तोटा. बापाच्या मनात हाच हिशेब असतो, फक्त त्याला तो शब्दांत मांडता येत नाही.

पण मुलीच्या बाजूचाही हिशेब आहे. ज्या घरात मुलगी शिकायची थांबली की लगेच स्थळं बघायला सुरुवात होते, तिथे तिच्यासाठी नोकरी हा पर्याय मुळात टेबलावर नसतोच. पर्याय असतो लग्न. मग तिचा संधी खर्च वेगळा निघतो, आणि या दोन वर्षांची किंमतही वेगळी. हा हिशेब घरात मोकळेपणाने बोलला गेला पाहिजे.

मदत कुठून मिळते

अनुसूचित जाती-जमाती, भटके विमुक्त, विशेष मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलांना महाडीबीटी पोर्टलवरून शिष्यवृत्ती आणि फी माफीच्या योजना आहेत. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार, जमातीसाठी स्वयंम आणि इतर मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. खुल्या वर्गातल्या कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांनी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीची कॉलेजात चौकशी करावी. सगळ्या योजना सगळ्या कोर्सना लागू नसतात, म्हणून प्रवेशाआधीच कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारावं.

विद्यापीठांत कमवा आणि शिका योजनाही असते. रोज काही तास ग्रंथालय, कार्यालय किंवा बागेत काम करून मेसचा खर्च बराचसा सुटतो. यात कमीपणा काही नाही.

अडकतं कुठे, तर कागदांत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, आधार जोडलेलं बँक खातं. निकाल लागल्यावर सेतू केंद्रात गर्दी होते. एप्रिल-मे महिन्यातच कागद काढून ठेवलेले बरे.

नोकरीचं चित्र, जसं आहे तसं

एम.ए. झालं की प्राध्यापक होता येतं, असं पूर्वी समजलं जायचं. आता तसं राहिलेलं नाही. सहायक प्राध्यापकासाठी एम.ए.ला ५५ टक्के गुण, राखीव प्रवर्गाला ५० टक्के, आणि वर नेट किंवा सेट लागते. नेट वर्षातून दोनदा, दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. वरच्या क्रमांकात आलं तर जे.आर.एफ. मिळते. पीएच.डी. करताना महिन्याला ३७ हजार रुपये, अधिक नियमानुसार घरभाडं.

पण नेट-सेट होऊनही कायम नोकरी मिळेलच असं नाही. भरती वर्षानुवर्षे रखडते आणि कितीतरी पात्र तरुण तासिका तत्त्वावर शिकवतात. तासाप्रमाणे मानधन, सुट्टीत काही नाही, आणि मानधनही वेळेवर येईलच असं नाही. चाळिशीला आलेला, पीएच.डी. झालेला माणूस दरवर्षी जूनमध्ये नव्याने मुलाखत देतो. हे माहीत असूनच या वाटेला जावं.

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर एम.ए.सोबत बी.एड. लागतं, आणि भरती पवित्र पोर्टलवरून होते.

दुसरी वाट भारतीय आर्थिक सेवा. ही परीक्षा यूपीएससी घेते. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि २१ ते ३० वय, राखीव प्रवर्गाला नियमाप्रमाणे सवलत. लेखी १,००० गुण, त्यातले ८०० अर्थशास्त्राचे, आणि मुलाखत २०० गुणांची. जागा मोजक्या असतात, पण ज्याच्याकडे या विषयाची पदव्युत्तर पदवी आहे तोच बसू शकतो. त्यामुळे गर्दी इतर परीक्षांपेक्षा खूप कमी. आपल्या भागातल्या मुलांना या परीक्षेचं नावही ठाऊक नसतं.

रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागाची अधिकारी भरती असते, तिलाही एम.ए.ला ५५ टक्के लागतात. नाबार्डच्या परीक्षेत आर्थिक-सामाजिक प्रश्न आणि शेती-ग्रामविकास हे विषयच असतात. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात पदं निघतात. खासगीत पाहणी करणाऱ्या संस्था, बँका, शेतकरी उत्पादक कंपन्या, सामाजिक संस्था आहेत. तिथे पदवीपेक्षा एक्सेल येतं का, आकडे मांडता येतात का, हे आधी विचारतात. आर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ते शिकलेला मुलगा आणि न शिकलेला मुलगा यांच्यात पदवी एकच असून फार फरक पडतो.

अर्थशास्त्रातच यावर जुना वाद आहे. काही म्हणतात शिक्षणाने माणसाची कुवत वाढते, म्हणून पगार वाढतो. मायकेल स्पेन्स यांनी दुसरी बाजू मांडली. पदवी म्हणजे एक खूण, मालकाला आतला माल दिसत नाही म्हणून तो खुणेवर भाव ठरवतो. ट्रॉलीत वरून चांगला कांदा आणि खाली गोल्टी निघाली, की पुढच्या वेळी व्यापारी त्या शेतकऱ्याच्या चांगल्या मालालाही कमी बोली लावतो. पदव्यांचं तसंच झालंय. वर्गात न बसता, गाईड पाठ करून मिळवलेल्या एम.ए. इतक्या झाल्या की खुणेवरचा विश्वास उडाला. म्हणून आता खुणेसोबत आतला माल दाखवावा लागतो.

कुणी करावं, कुणी करू नये

आकड्यांत रस आहे, वाचनाची सवय आहे, गणित पुन्हा शिकायची तयारी आहे, त्याने जरूर करावं. भारतीय आर्थिक सेवा, नेट किंवा संशोधन यातलं काहीतरी पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर असेल तर उत्तमच.

फक्त वसतिगृह मिळावं किंवा स्पर्धा परीक्षेच्या काळात नावापुढे काहीतरी असावं म्हणून करणार असाल, तर दोनदा विचार करावा. चार प्रयत्न झाले, आता इतकी वर्षं गेलीच आहेत तर अजून एक करू, असं म्हणणारी मुलं घरोघरी आहेत. अर्थशास्त्र याला बुडीत खर्च म्हणतं. बोअर कोरडा गेला तर त्यात गेलेला पैसा परत येत नाही. दुसरा बोअर घ्यायचा की नाही हे पाण्याच्या अंदाजावर ठरवायचं, पहिल्यात किती गेले यावर नाही. वय आणि वर्षांचंही तसंच.

प्रवेशाआधी एवढं करा

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून एम.ए.चा अभ्यासक्रम डाउनलोड करून पेपरांची नावं वाचा. मागच्या वर्षीची एक प्रश्नपत्रिका सोडवून बघा. ज्या कॉलेजात जायचंय तिथे एकदा दुपारी जाऊन वर्ग भरतो का ते डोळ्यांनी पहा. कायम शिक्षक किती, ते विचारा. मागच्या दोन वर्षांत पास झालेल्या निदान तीन मुलांना फोन करून सध्या काय करतात ते विचारा. सीयूईटी आणि विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या तारखा लिहून ठेवा.

आणि एका संध्याकाळी घरात सगळ्यांनी बसून, वहीवर दोन रकाने पाडून, वरचा हिशेब मांडा. मुलीने आकडे घालावेत, बापाने तपासावेत. शेवटी काय ठरेल ते ठरेल. पण आकडे समोर ठेवून ठरवलं, तर पुढे दोघांनाही एकमेकांना बोल लावायची वेळ येणार नाही.